मेट्रनचा राउंड

खेळ विकत घ्यायचा म्हटलं की हल्ली माझं डोकं खेळ सुरू व्हायच्या आधीच तापतं. डबा उघडावा तर आत डिस्क नसते, कागदाचा एक कपटा असतो आणि त्यावर आकडे. ते आकडे टाकले की खेळ उतरायला लागतो. तो उतरला की त्याची दुरुस्ती उतरायला लागते, आणि ही दुरुस्ती खेळापेक्षा मोठी. अर्धकच्चा माल पूर्ण किमतीला विकायचा आणि तो शिजेपर्यंत घेणाऱ्यानंच थांबायचं, वर ‘धीर धरल्याबद्दल आभार’. मी लिफ्ट दुरुस्त करते. उद्या मी सोसायटीत जाऊन म्हटलं की लिफ्ट आज बसवते, दार पुढच्या महिन्यात येईल, आणि चौथ्या मजल्यावर थांबायचं असेल तर वेगळा पास काढा, तर लोक मला लिफ्टच्या खड्ड्यात ढकलून देतील. खेळवाल्यांनी हेच केलं की लोक आगाऊ नोंदणी करतात.

हे सगळं मी दर रविवारी कॅमेऱ्यासमोर बसून बोलते. चॅनलचं नाव ‘चिडका बिब्बा’. हे नाव आईनं मला लहानपणी ठेवलं होतं, कारण हरायला लागले की मी सोंगट्यांसकट पट उधळून द्यायचे. ऐकणारे बरे जमलेत. मी कुणाकडून फुकट खेळ घेत नाही, आगाऊ पैसे भरत नाही आणि वाटेल ते तोंडावर बोलते. एवढ्या भांडवलावर चाललंय.

माझा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ होता तो फोनवरच्या बागेच्या खेळावर. खेळ कसला, रोप लावा, पाणी घाला, उद्या परत या. नाही आलात तर झाड मान टाकतं, पानं पिवळी पडतात आणि फोनवर निरोप येतो, ‘तुमचा गुलाब तुमची वाट बघतोय.’ वर तुमच्या मैत्रिणींनाही कळवतात की हिच्या बागेत झाड सुकतंय, म्हणजे चारचौघांत लाज. मी हात नाचवत म्हटलं होतं, “हा खेळ नाही, ही खंडणी आहे. झाड वेठीला धरून माणसाला रोज बोलावतात!” लोकांनी ते वाक्य उचलून धरलं. काहींनी तर ते कपांवर छापून घेतलं.

आणि माझी सख्खी आई रोज सकाळी तोच खेळ खेळायची. ती सगळा जन्म हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिच्या वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणी कुणी मुलाकडे, कुणी भावाकडे अशा पांगल्या आणि सगळ्याजणी या बागेच्या नादी लागल्या. मी तिला चिडवायचे, ती मला म्हणायची, “तू तुझे राक्षस मार, मला माझी झाडं बघू दे.” याच्यापलीकडे आमचं त्या विषयावर बोलणं कधी गेलं नाही.

मग आईच्या डोळ्यातला पडदा सुटला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला, आणि तो पडद्याला टेकून राहावा म्हणून तिला पालथं राहायला सांगितलं. झोपताना, बोलताना, जेवताना, चेहरा कायम जमिनीकडे. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे त्यातून सगळं धुकंच. मी रजा टाकून तिच्या घरी मुक्कामाला गेले. तोंडासाठी मधोमध भोक असलेली एक गादी भाड्यानं आणली. त्या दिवसांत मला आई दिसायची ती मागून, पांढऱ्या केसांचा विस्कटलेला अंबाडा, आणि तिचा आवाज यायचा फरशीवरून.

“बिब्ब्या,” फरशी म्हणाली, “माझ्या बागेकडे बघशील ना गं?”

“कुठली बाग? तुझ्या गॅलरीत एक कुंडी नाही.”

“नाटकं करू नकोस. टॅबलेट त्या खणात आहे.”

“आई, माझ्या लोकांना कळलं तर छी-थू होईल माझी.”

“मी कुणाला सांगायला जाणार आहे? मी पालथी आहे.”

मी टॅबलेट काढला. “फक्त पाणी घाल,” ती म्हणाली. “जास्त शहाणपणा करू नकोस. आणि हे बघ, त्या कोपऱ्यातल्या...” एवढं बोलेपर्यंत गोळ्यांचा अंमल चढला आणि तिचा डोळा लागला. आयुष्यभर जिनं पाळी बदलताना पुढच्या नर्सला एकूण एक गोष्ट सांगितली, तिचं माझ्याबाबतीत तेवढंच अर्धं राहिलं.

बाग उघडली आणि माझ्यातला खेळाडू खवळला. काय तो कारभार! एकीकडे सुंदर गुलाब, आणि कोपऱ्यात एक झेंडू मान टाकून उभा. त्याच्या शेजारच्या रोपाखालची माती काळीकुट्ट, चिखल झालेला, म्हणजे कुणीतरी दुप्पट पाणी घातलेलं. आणि कोठीत खताच्या पिशव्यांची थप्पी! आठवडाभर झाड हिरवं ठेवणारं उत्तम खत, बक्षीस म्हणून मिळालेलं, आणि बाईसाहेबांनी एकही पिशवी फोडलेली नव्हती. मला वाटलं, बिचारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, बोट कुठेही पडत होतं, खताचं तर तिला कळलंच नसणार. मी बाही वर सारली. झेंडू बरा केला, चिखल उपसला, सगळ्या झाडांना खत घातलं. बाग अशी चकाचक केली की पडद्यावर फुलपाखरं उडायला लागली आणि तुतारी वाजली. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. दुसऱ्या दिवशीही गुपचूप उघडून बघितली. सगळं हिरवंगार, करायला काही शिल्लकच नव्हतं.

आई जरा शुद्धीवर आल्यावर मी फुशारकी मारली. “तुझी बाग एकदम ठणठणीत करून ठेवलीये. एक झाड आजारी नाही.”

अंबाडा जरासा हलला.

“एकही नाही?”

“एकही नाही. खत घातलंय सगळ्यांना.”

“अगं बाई,” आई म्हणाली. “मग मेट्रन येणार कुठून?”

मग तिनं मला समजावलं, आणि मी पलंगाशेजारी जमिनीवर बसून ऐकत गेले. या खेळात दुसऱ्याच्या बागेत जायचं तर तिकीट काढावं लागतं, आणि तिकीट काढूनही नुसतं हिंडायचं, हात कशाला लावायचा नाही. पण एखाद्या बागेत झाड सुकलेलं असलं, तर तिथलं फाटक मैत्रिणींना आपोआप उघडतं आणि त्या येऊन त्याला पाणी घालू शकतात. कंपनीनं हे लाज वाटावी म्हणून केलेलं. या बायकांनी काय केलं, तर प्रत्येकीनं आपल्या बागेत मुद्दाम एक झाड सुकत ठेवायला सुरुवात केली. त्याला त्या ‘पेशंट’ म्हणतात. रोज सकाळी मेट्रन सगळ्या बागांमधून राउंड घेते, एकेका पेशंटला पाणी घालते. आणि मैत्रिणी दुसऱ्या दिवसासाठी नवा पेशंट तयार ठेवतात.

मेट्रन म्हणजे आईच्या हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सांच्या प्रमुख; त्यांना मी लहानपणी पाहिलं होतं. इस्त्रीचा पांढरा पोशाख, आणि चालत आल्या की वॉर्डातल्या चादरीसुद्धा सरळ व्हायच्या. आता त्या लांब मुलाकडे राहतात. कान पूर्ण गेलेत, म्हणून फोन नाही. हात थरथरतात, म्हणून लिहिता येत नाही, टाइप करता येत नाही. डोळे मात्र लखलखीत. झाडावर बोट टेकवता येतं, पण हात थरथरल्यामुळे ते दोनदा टेकतं, आणि पाणी दोनदा पडतं.

“चिखल दिसला की मला कळतं, मेट्रन येऊन गेल्या,” आई म्हणाली. “बाकी कुणाचं काही कळत नाही गं त्यांना आता. आणि त्यांचं आम्हाला.”

तो चिखल मी उपसून टाकला होता.

संध्याकाळी मेट्रनच्या सुनेचा फोन आला. बिचारी अगदी अवघडून बोलत होती. “ताई, ऑपरेशन नीट झालं ना? कालपासून आमच्या आई टॅबलेट मांडीवर घेऊन नुसत्या बसल्यात. जेवायला पण नको म्हणतात. तुमच्या बागेचं फाटक बंद आहे म्हणे.”

मी सांगितलं की चूक माझी आहे, तसं त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा. थोड्या वेळानं पुन्हा फोन. “दाखवलं हो. वाचून हसल्या. म्हणाल्या, हात थरथरायला लागले की मीही बायकांना असंच गोड बोलून ड्यूटीवरून काढायचे. म्हणाल्या, बरोबरच आहे, झाडं कुजतात माझ्यामुळे.”

मला इतकं वाईट वाटलं की मी तो टॅबलेट हातातसुद्धा घेईना. आईला सांगितलं तर तिच्या पाठीवरून कळलं की ती रडतेय. डोळ्यातून पाणी नको म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, मी तशी ओरडले, आणि मीच रडायला लागले. मग तिच्यातली नर्स जागी झाली.

“रडून पेशंट तयार होणार आहे का? झाड आजारी पाड एखादं.”

“आई, सगळ्यांना आठवड्याचं खत घातलंय. सुकणार नाहीत.”

“मग खाट रिकामी कर. तो मोठा गुलाब काढ, नवीन रोप लाव, आणि पाणी घालू नकोस.”

“तो तुझा सगळ्यात जुना गुलाब आहे!”

“खाट रिकामी कर म्हटलं ना?”

गुलाब उपटला. त्या जागी झेंडूचं नवं रोप लावलं आणि त्याला थेंबभर पाणी दिलं नाही. आयुष्यात मी किती राक्षसांवर टपून बसलेय, पण एखादं झाड सुकावं म्हणून अशी कधी बसले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी रोपानं मान टाकली. मी टॅबलेट गादीखाली जमिनीवर ठेवला आणि आईला काय दिसतंय ते सांगत बसले. फाटक उघडं. कुणी नाही. कुणी नाही. मग फाटकातून एक पांढरी टोपी घातलेली छोटी आकृती आत आली. सरळ झेंडूकडे गेली. पाणी पडलं. जरा थांबून पुन्हा पडलं.

“दोनदा?” आईनं विचारलं.

“दोनदा.”

“चिखल झाला?”

“झाला.”

“राहू दे तसाच,” आई म्हणाली, आणि दुपारी पोटभर जेवली, पालथीच.

इथं हे संपलं असतं तर मी ही गोष्ट कुणाला सांगितली नसती. पण त्याच आठवड्यात कंपनीनं जाहीर केलं, ‘तुम्ही सांगितलंत, आम्ही ऐकलं!’ पुढच्या मोठ्या सुधारणेनंतर बागेतली झाडं सुकणार नाहीत. दररोज यायची सक्ती नाही, भीती नाही, लाज नाही. त्यांच्या घोषणेच्या चित्रफितीत टीकाकारांचे आभार होते, आणि त्या टीकाकारांत मी होते, हात नाचवत, ‘ही खंडणी आहे!’

माझ्या लोकांना तर आनंदाचं उधाण आलं. ‘बिब्बा जिंकला!’ म्हणून शेकड्यांनी निरोप. इतकी वर्षं मी बोंब मारतेय, कुठल्या कंपनीनं कधी ढुंकून बघितलं नव्हतं. आणि ऐकलं ते नेमकं हे. झाड सुकलं नाही तर फाटक उघडणार नाही. मेट्रनचा राउंड कायमचा बंद.

मी आईजवळ जाऊन बसले. “तिकीट काढून देऊ या मेट्रनना,” मी म्हटलं. “मी काढीन. रोज.”

“आणि येऊन करतील काय? नुसत्या हिंडतील?” आई म्हणाली. “भेटीच्या वेळेत येणारे वेगळे, राउंडला येणारे वेगळे. त्या जन्मात कधी भेटीच्या वेळेत आल्या नाहीत.”

“मग मी तोंड बंद ठेवायला हवं होतं.”

“तू बोललीस ते खोटं होतं का?”

“नाही. लोकांना घाबरवूनच परत बोलावतात ते. कितीजणांची झोप उडवलीये.”

“मग झालं तर.” ती म्हणाली. “आमच्याकडे एका साहेबांनी प्रत्येक वॉर्डात घंटा बसवली होती. आम्ही जाग्या आहोत की नाही ते बघायला. आम्ही तिच्यावर एकमेकींना चहा झाल्याचं कळवायला लागलो. मग दुसरे साहेब आले, भले माणूस. म्हणाले, माझा तुमच्यावर विश्वास आहे, आणि घंटा काढून टाकली. आम्ही थँक्यू म्हणालो आणि त्यानंतर कायम गार चहा प्यायलो.”

मला हसू आवरेना. “तुम्ही सांगितलं का नाहीत त्यांना?”

“विचारलं कुणी? तुझं ऐकतात ना लोक? मग तू सांग.”

सांग म्हणणं सोपं. ज्या वाक्यावर लोकांनी कप छापले, त्याच्या विरुद्ध त्याच तोंडानं बोलायचं होतं. विकली गेली म्हणतील, म्हातारी आई पुढे करून रडगाणं गातेय म्हणतील. रविवार आला तेव्हा मी कॅमेरा आईच्या खोलीत लावला. चौकटीत एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला पांढरा अंबाडा. मी म्हटलं, सुकणारी झाडं ही खंडणीच होती आणि माझं मत तेच आहे. पण त्या खंडणीचं काही लोकांनी भलतंच काहीतरी चांगलं करून ठेवलंय, ते बघा. मग आईनं पालथ्या पालथ्या पेशंट, राउंड, चिखल सगळं सांगितलं. मधे तिला शिंक आली ती मी कापली नाही. शेवटी मी म्हटलं, सुधारणा करा, जरूर करा, पण आधी जे खेळतात त्यांच्या शेजारी बसून बघा ते काय करतात. आणि सगळ्या झाडांना जगवा, पण एका कुंडीला सुकायची मुभा द्या.

शिव्या आल्याच. ‘बिब्बा गोड झाला.’ ‘कंपनीनं किती दिले?’ एकानं कप फोडून त्याचा फोटो पाठवला. मला लागलं ते, नाही म्हणत नाही. पण दुपारनंतर वेगळेच निरोप यायला लागले. जहाजावर नोकरी करणाऱ्या एकानं लिहिलं की तो आणि त्याची बायको एकमेकांसाठी एक रोप सुकत ठेवतात. एका बाईनं लिहिलं, मुलगा माझ्याशी बोलत नाही, पण पाणी घालून जातो. असे कितीतरी, आणि प्रत्येकाला वाटत होतं की असा वेडेपणा करणारे आपण एकटेच. आईच्या मैत्रिणींनी तर कंपनीकडे रीतसर तक्रारी पाठवल्या, वॉर्डच्या भाषेत. ‘पेशंट स्थिर. पाण्याची गरज. फाटक उघडे ठेवावे.’

मग कंपनीतून एका बाईचा फोन आला. ती त्या बागेची डिझायनर होती, आवाजावरून तरुण. दमलेली.

“तुमच्या आईची बाग मी आज आमच्या आलेखात शोधली,” ती म्हणाली. “आमच्याकडे सुकलेलं झाड म्हणजे नाराज गिऱ्हाईक. लाल ठिपका. तुमच्या आई आणि त्यांच्या मैत्रिणी म्हणजे आमची सगळ्यात नाराज गिऱ्हाइकं आहेत. नुसते लाल ठिपके.”

“रोज येणारी नाराज गिऱ्हाइकं?”

“तेच तर. कुणी एकत्र बघितलंच नाही. फाटकाची सोय ज्यानं केली होती त्याची नोकरी गेल्या नोकरकपातीत गेली. ती कशासाठी आहे हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.”

हा तर माझ्या जिव्हाळ्याचा विषय. खेळ चांगला खपला की वरच्यांना बक्षीस आणि करणाऱ्यांना नारळ. मी सुरू होणार होते, पण ती पुढे बोलली. एका कुंडीची कल्पना तिला पटली होती, दोन दिवसांत करण्यासारखी होती. अडचण एकच. वरच्यांनाही ती आवडली होती. इतकी आवडली होती की त्यांना ती ‘खास कुंडी’ म्हणून दुकानात विकायची होती.

माझा जो भडका उडाला तो फरशीपर्यंत ऐकू गेला. “अहो, झाड जगवायचे पैसे घेता तेवढं कळलं! आता सुकवायचेही घेणार?”

मला वाटलं, आता ही फोन ठेवणार. तर ती हसायलाच लागली, अगदी पोट धरून हसल्यासारखी.

“हे वाक्य मी मीटिंगमध्ये वापरू का?”

“वापरा,” मी म्हटलं. “आणि सांगा की रविवारीही येतंय.”

त्यानंतर तिचा काही फोन नाही. सुधारणा येईपर्यंत मी आईसमोर निवांत असल्याचं सोंग आणलं, आणि तिनं ते चालवून घेतलं. दरम्यान डॉक्टरांनी तिला उठून बसायची परवानगी दिली. मला पुन्हा आईचा चेहरा मिळाला, गादीच्या भोकाची गोल खूण कपाळावर घेऊन. डोळ्यात बुडबुडा अजून हलत होता, पण त्याच्या कडेवरून तिला रंग दिसायला लागले होते.

सुधारणा उतरली त्या सकाळी आम्ही दोघी टॅबलेटवर डोकं जोडून बसलो. बाग उघडली. सगळी झाडं खाडकन ताठ झाली, मेट्रनसाठी ठेवलेला झेंडूसुद्धा. फुलपाखरं, तुतारी. फाटक बंद. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. मी दुकान उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं, कुंडी नाही. छत्र्या, कारंजी, सोन्याची झारी, सगळा कचरा.

“कोठी बघ,” आई म्हणाली. “सामान कोठीत असतं.”

कोठीत खताच्या पिशव्यांमागे एक साधी मातीची कुंडी होती. किंमत नाही, कुलूप नाही. खाली एकच ओळ, ‘हिला आपोआप पाणी मिळत नाही.’ मी ओरडले. शेजारच्यांनी दार वाजवलं, इतकी ओरडले. आई मात्र लगेच कामाला लागली, कुंडी फाटकाजवळ ठेवायला लावली, “म्हणजे त्यांना फार चालायला नको.”

दुसऱ्या दिवशी कुंडीतल्या झेंडूनं मान टाकली, फाटक उघडलं आणि पांढरी टोपी आत आली. या वेळी आईनं स्वतः बघितलं, एक डोळा मिटून, दुसरा टॅबलेटला लावून. “एक,” ती म्हणाली. मग, “दोन.” आणि खुदकन हसली. सुनेनं नंतर कळवलं की मेट्रन त्या दिवशी सगळ्यांवर ओरडल्या, चादरी नीट घातल्या नाहीत म्हणून. घरात सगळ्यांना बरं वाटलं.

मी माझ्या घरी परतले, कामावर रुजू झाले. रविवारी बोलतेच आहे, कारण डिस्क अजून डब्यात नसते आणि दुरुस्ती अजून खेळापेक्षा मोठी असते. एक व्हिडिओ मी त्या कपातीवर केला, खेळ करणाऱ्यांची नावं खेळात मोठ्या अक्षरात असावीत म्हणून. डिझायनरनं त्याला टोपणनावानं अंगठा दिला. तरी मी ओळखलं, कारण टोपणनाव होतं ‘लाल ठिपका’. परवा तिनं कळवलं की फाटक ज्यानं केलं होतं त्याला परत बोलावलंय.

एक गोष्ट मात्र मी चॅनलवर सांगितलेली नाही. माझ्या फोनवर आता एक बाग आहे. फार काही नाही, फाटक आणि त्याला लागून एक कुंडी. आईच्या ओळखीनं मी मेट्रनना मैत्रीचं आमंत्रण पाठवलं होतं. त्यांना मी आठवत असेन की नाही, मला माहीत नव्हतं. मी कुंडीत रोप लावलं आणि त्याला पाणी घातलं नाही.

काल सकाळी एका इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून दोर तपासत होते. मधे हात पुसून फोन उघडला. रोप ताठ उभं होतं आणि बुंध्याशी काळाकुट्ट चिखल झाला होता. ग्रीसच्या हातांनीच मी डोळे पुसले.

“काय झालं?” खालून जोडीदार ओरडला. “घेऊ का वर?”

“थांब रे जरा,” मी म्हटलं. “मेट्रन येऊन गेल्यात.”